आईच्या आरशातली जुनी काच

जबाब देणार: तक्रारदार बाईंची थोरली बहीण, वय चौसष्ट, निवृत्त शिक्षिका, राहणार बाजारामागच्या गल्लीत, रंगाऱ्याच्या दुकानावर.

मी पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून, विचारल्यावरून सांगते की, आम्ही दोघी बहिणी कॉन्व्हेंट शाळेत जात होतो तेव्हा आई रोज सकाळी आमच्या वेण्या घालायची. एकीची वेणी चालू असताना दुसरीने हातआरसा धरायचा. धाकटी तो मुद्दाम वाकडा धरायची, म्हणजे मला माझा भांग न दिसता तिची बाहेर काढलेली जीभ दिसे. आई म्हणायची, "सरळ धर गं." ती धरायची, आणि पुन्हा वाकडा करायची. आम्हा तिघींनाही हसू आवरायचं नाही.

हा आरसा आईच्या ड्रेसिंग टेबलावरच्या संचातला. चांदीवर निळा मिना, आणि मिन्याखाली चांदीत कोरलेल्या बारीक लहरी. आईच्या पश्चात केसांचा ब्रश, कंगवा आणि पावडरची डबी माझ्याकडे आली. आरसा धाकटीने घेतला. ते तेव्हा मला मान्य होते.

असे जुने संच गोळा करण्याचा मला नाद आहे. माझ्या कपाटात दुसऱ्यांच्या आयांचे पुष्कळ आरसे आहेत. माझ्या आईचा नाही. सगळा संच एकदा एकत्र मांडून फोटो काढावा म्हणून मी धाकटीकडे एका दिवसापुरता आरसा मागितला होता. ती म्हणाली, "ताई, तुझ्या कपाटात गेलेलं काही परत येत नाही." त्यानंतर आमचे जाणेयेणे बंद झाले.

गेल्या महिन्यात मी ब्रशचे केस नव्याने बसवून घ्यायला जुन्या वस्तू दुरुस्त करणाऱ्याकडे गेले. तिथे कचऱ्याच्या खोक्यात वर्तमानपत्रावर एक काच पडली होती. पाऱ्याला डाग पडलेले, डाव्या कडेला मोठा काळा डाग. मी ती लगेच ओळखली. दुरुस्तीवाला म्हणाला, "बाईंनी आरशात नवी काच बसवून घेतली. ही टाकून द्या म्हणाल्या." मी त्याला विचारून काच घेतली. पर्समध्ये लपवली हे खरे नाही. रुमालात गुंडाळून हातात धरून नेली.

घरी नेऊन काय केले, असे विचारले. टेबलावर ठेवली. माझ्या कुठल्याही आरशात बसवली नाही. तीत पाहिले का, असे विचारले. पाहिले. त्याबद्दल अधिक काही सांगायचे नाही.

पुढे धाकटीकडे आरसा विकत घ्यायला एक गृहस्थ आले. मूळ काच असेल तरच घेतो, असे त्यांनी सांगितले. तेव्हा तिला काचेची आठवण झाली, आणि ती मी नेल्याचे दुरुस्तीवाल्याकडून कळले. तिने बोलावले म्हणून मी तिच्या घरी गेले. तिच्या यजमानांनी दार उघडले, पण आत या म्हणाले नाहीत. दारातच बोलणे झाले, ते असे:

"ताई, काच आणून दे."

"कशाला?"

"आईची आठवण आहे."

"मग टाकायला का सांगितलीस?"

"तीत चेहरा दिसत नव्हता."

"कोणाचा?"

तिचे यजमान म्हणाले, "तुम्हाला भंगार जमवायची सवय आहे, ते बाहेरचं जमवा." मी म्हणाले, चोरायचेच असते तर नवी काच नेली असती. धाकटी म्हणाली, "तू लहानपणापासून अशीच. सगळं तुझं." दार लावले गेले. मी त्यांना शिवीगाळ केली नाही. दारावर हात आपटला होता, तो एकदाच.

काच आज मी ठाण्यात जमा करत आहे.

जबाब मला वाचून दाखवला. त्यात 'फुटकी काच' असे लिहिले गेले होते, ते 'डागाळलेली' असे दुरुस्त करून घेतले. बाकी मी सांगितले तसेच आहे. त्याखाली माझ्या सांगण्यावरून पुढील मजकूर लिहिला आहे.

त्या गृहस्थांना आरसाच हवा असेल, तर माझ्या कपाटातले सगळे आरसे त्यांना द्यावेत. त्याबद्दल मला काही नको. त्यांनी आईची काच मागू नये.

आईचा ब्रश, कंगवा आणि डबी माझ्यानंतर धाकटीच्या मुलीला द्यावी. तिच्या आईवडिलांच्या हाती देऊ नये.

काच धाकटीला द्यावी. तिच्या यजमानांना नाही, तिलाच, इथे बोलावून. माझा कोणताही निरोप तिला सांगू नये. मात्र आपली वस्तू हीच, अशी ओळख पटवून सही करण्याआधी तिने ती तोंडासमोर धरावी. सरळ धरावी.