चाळीस डॉलरचे मासे

रेने : थांबा, थांबा. ते कार्ड परत द्या.

ग्लेनिस : कार्ड तुझ्याच हातात आहे, पोरी. मशीनला टेकवलंस, टिंग वाजलं, संपलं. चाळीस डॉलरचं पेट्रोल गेलं तुझ्या गाडीत. चेहरा का असा पडला?

रेने : हे नव्हतं टेकवायचं. दुसरं टेकवायचं होतं. दोन्ही निळी आहेत. सवयीने हात याच्यावर गेला.

ग्लेनिस : मग बिघडलं काय?

रेने : हे खातं दोघांचं आहे. माझं आणि कर्टचं. हे कार्ड कुठेही टेकवलं की त्याच्या फोनवर येतं. रक्कम, दुकानाचं नाव, गाव. तिथल्या तिथे.

ग्लेनिस : कर्ट म्हणजे नवरा. ओठ त्यानेच फोडलाय?

रेने : ओठ परवाचा. बरगडी मंगळवारची. रद्द करा ना ते. तुम्हाला येत असेल.

ग्लेनिस : येतं की. पण रद्द केलं तर तेही त्याला कळेल, चाळीस डॉलर परत म्हणून. बँकेने पैसे आत्ता नुसते धरून ठेवलेत, कापणार ईस्टरच्या सुट्ट्या संपल्यावर, मंगळवारी. पण नाव गेलं ते गेलं. ते मागे बोलावता येत नाही. बस त्या स्टुलावर, पडशील.

रेने : रोज जेवण झालं की तो फोन उघडून बसायचा. मी समोर उभी. एकेक खर्च मोठ्याने वाचायचा आणि जाब विचारायचा. एकदा मी बेकरीतून पाव घेतला. नोंद बेकरीच्या नावाने झालीच नाही, मालकाच्या नावाने झाली. 'जी. पापास, साडेसहा डॉलर.' हा पापास कोण? मी सांगितलं, पाववाला म्हातारा आहे. ही दोन बोटं बघा. चौकटीत धरून दार लावलं त्याने.

ग्लेनिस : वाकडीच जुळली आहेत.

रेने : डॉक्टरकडे गेले असते तर तेही फोनवर आलं असतं ना.

ग्लेनिस : मग आता ही ग्लेनिस सांगते ते ऐक आणि श्वास घे. हे मशीन माझं नाहीये. माझ्यावर मार्चमध्ये वीज पडली. म्हणजे मशीनवर. नवीन यायला दोन महिने लागतील म्हणाले. माझा थोरला भाऊ मर्व पोर्ट ऑगस्टात मासे तळून विकतो. त्याच्याकडे दोन मशिनं होती, त्यातलं एक मी उचलून आणलं. तेव्हापासून इथे पेट्रोल घ्या, चहा घ्या, नाहीतर टायर घ्या, नोंद होते 'मर्वचे मासे, पोर्ट ऑगस्टा'. एका ट्रकवाल्याची बायको फोनवर भांडली माझ्याशी. म्हणे, नवरा सांगतो वाळवंटात होतो, मग तीनशे डॉलरचे मासे कोणत्या बाईला खाऊ घातले?

रेने : म्हणजे कर्टला काय दिसलं असेल?

ग्लेनिस : तू इथून तीनशे किलोमीटर मागे, मर्वच्या दुकानात मासे खातेयस.

रेने : हसवू नका. बरगडी दुखते.

ग्लेनिस : हस, हस. बरं, तो आहे कुठे?

रेने : पोर्ट ऑगस्टातच.

ग्लेनिस : काय म्हणालीस?

रेने : माझ्या मावशीने कळवलं, कालपासून तिच्या घरासमोर गाडी लावून बसलाय. मी तिच्याकडेच जाणार असं त्याला वाटलं. ग्लेनिस, तुमचा भाऊ आत्ता दुकानात आहे का?

ग्लेनिस : आज गुड फ्रायडे. पहाटेपासून एकटा मासे कापत असणार. सरक, फोन दे तो. स्पीकरवर टाकते. उचल रे, उचल. मर्व?

मर्व : ग्लेन, हात पिठात आहेत. नाकाने बटण दाबलंय. थोडक्यात बोल.

ग्लेनिस : दाराला कुलूप घाल.

मर्व : आज? साडेदहापासून रांग लागते माझ्या दारात. सगळं गाव आज मासेच खातं.

ग्लेनिस : एक माणूस येईल, बायकोला शोधत. बायको इथे माझ्यासमोर आहे. ओठ फोडलाय त्याने तिचा. तिने तुझ्या मशीनला कार्ड टेकवलं आणि त्याला तुझ्या दुकानाचं नाव गेलं. माणूस वाईट आहे, मर्व.

मर्व : दिसतो कसा?

रेने : उंच. लाल दाढी. पांढरी पिकअप.

मर्व : एक पांढरी पिकअप आत्ताच फुटपाथवर चढली.

ग्लेनिस : कुलूप, मर्व.

मर्व : आला तो. फोन ॲप्रनच्या खिशात ठेवतो, चालूच.

ग्लेनिस : आपल्या बाजूचा आवाज मी बंद केलाय, त्याला आपलं ऐकू जाणार नाही. तू त्या भिंतीवरच्या फोनवरून पोलिसांना लाव, तीन शून्य फिरव. मर्वचं दुकान बंदराच्या रस्त्यावर आहे, नंबर बावीस.

कर्ट : रेने कुठंय?

मर्व : दुकान अकराला उघडतं, मित्रा.

कर्ट : पंधरा मिनिटांपूर्वी तिने इथे चाळीस डॉलर दिलेत. हे वाच. नाव तुझंच ना?

मर्व : माझंच.

कर्ट : मग अकराला कसं उघडतं? मागे लपवलीस?

मर्व : मागे बटाटे आहेत. बघून घे.

रेने : हॅलो, पोलीस? पोर्ट ऑगस्टा, बंदराचा रस्ता, बावीस नंबर, माशांचं दुकान. माझा नवरा तिथे एका म्हाताऱ्या माणसाला... हो, आत्ता. त्याचं नाव कर्ट हॅलोरन. माझं? माझं नाव रेने. हो, लिहून घ्या. रेने हॅलोरन.

कर्ट : हात ठेव. इथे, फळीवर.

ग्लेनिस : काय वाजलं ते?

रेने : बोटं. मला माहीत आहे तो आवाज.

कर्ट : पुन्हा विचारतोय. कुठंय?

रेने : ग्लेनिस, ते बटण दाबा. मी बोलते त्याच्याशी. मी इथे आहे म्हणून सांगते, मग तो त्यांना सोडेल.

ग्लेनिस : नाही.

रेने : तुमचा सख्खा भाऊ आहे.

ग्लेनिस : कोण आहे ते मला माहीत आहे.

रेने : मनगट सोडा माझं. दुखतंय.

ग्लेनिस : दुखू दे. सोडणार नाही.

रेने : तो थांबत नसतो. तुम्हाला माहीत नाही. उत्तर मिळेपर्यंत तो थांबतच नाही.

कर्ट : तेल चांगलं तापलंय तुझं, म्हाताऱ्या. बाही वर कर.

मर्व : थांब. सांगतो.

ग्लेनिस : मर्व, नको रे.

मर्व : आली होती. ओठ फुटलेली ना? चाळीस डॉलरचे मासे घेतले. म्हणाली, लांब जायचंय, डबा भरून द्या. दक्षिणेला वळली. ॲडलेडकडे.

कर्ट : किती वेळ झाला?

मर्व : तुझ्याच फोनवर आहे की वेळ.

कर्ट : खोटं निघालं तर परत येईन.

मर्व : अकरा ते आठ उघडं असतं.

रेने : आता काय झालं? ग्लेनिस, ते कोण ओरडलं?

ग्लेनिस : मर्व. मर्व ओरडला. लहानपणी विहिरीत पडला होता तेव्हासुद्धा असा ओरडला नव्हता. मर्व? अरे बोल काहीतरी. मर्व?

(दुसऱ्या दिवशी सकाळी. तोच काउंटर. रेने रात्री तिथेच राहिली आहे.)

ग्लेनिस : घे, स्पीकरवर आहे. हॉस्पिटलातून बोलतोय. जास्त दमवू नकोस त्याला.

मर्व : दमायला काय झालं? परिचारिका भरवतेय मला. उजव्या हाताची तीन बोटं मोडली. जाता जाता त्याने कढईतलं तेल फेकलं, त्यात डावा हात कोपरापर्यंत भाजला. पोलिसांनी सांगितलं का तुम्हाला?

ग्लेनिस : सांगितलं. पोर्ट पिरीच्या फाट्यावर धरला त्याला, दक्षिणेला पळवत होता गाडी. फोनवरची ती चाळीस डॉलरची नोंद त्याने पोलिसांनाही दाखवली. म्हणाला, बघा, लिहिलंय.

रेने : मर्व, मी रेने.

मर्व : आवाज ओळखला. लाल दाढी, पांढरी पिकअप.

रेने : तुम्ही सांगायचं होतं. मशीन बहिणीकडे आहे, एवढंच. तुमचा हात वाचला असता.

मर्व : ग्लेनला विचार, मी लहानपणापासून खोटं बोलताना अडखळतो. काल अडखळलो नाही. त्याच्या फोनवर लिहिलं होतं, बायको माझ्या दुकानात आली, चाळीस डॉलर दिले. मी नुसतं हो म्हणालो.

रेने : मी रात्रभर झोपले नाही. काय बोलू तुमच्याशी, तेच ठरवत होते.

मर्व : काही बोलू नकोस. एक काम कर.

रेने : सांगा.

मर्व : मंगळवारी बँक उघडली की ते पैसे माझ्या खात्यात येतील. ग्लेन पेट्रोल म्हणत बसेल, तिचं ऐकू नकोस. नोंद माशांची झालीय. दोन-तीन महिन्यांत हात बरा होईल, तेव्हा ये. पुढच्या दाराने ये, रांग मोडून. मी तळून देतो.

रेने : येईन.

मर्व : तोवर तुझा ओठ भरलेला असेल. मीठ घालून देता येईल.