परत पाठवलेली नर्स

हृदयाच्या सोनोग्राफीसाठी बाकावर तिघी बसल्या होत्या: सासूबाई, बाळ घेतलेली सून आणि एक अनोळखी बाई.

“जन्मल्यावर पायाला क्लिप लावून ऑक्सिजन बघतात. हृदयाचा दोष तेव्हाच कळला असता गं,” ती अनोळखी बाई सुनेला म्हणाली.

“नर्स आली होती. मीच नको म्हटलं. ही नुकती झोपली होती.”

“अगं, झोपेतसुद्धा होतं ते. टोचत थोडंच कुणी?”

सासूबाई दाराकडे बघू लागल्या. तेव्हा सूनही गाढ झोपली होती. नर्सला त्यांनीच दारातून पिटाळलं होतं, हे सुनेला नंतर कळलं होतं.

“आजी, तुम्ही तरी हिला समजवायचं.”

“सांगितलं होतं,” सासूबाईंच्या तोंडून निघून गेलं. “आजकालच्या मुली ऐकतात कुठे?”

सुनेने बाळ सासूबाईंपुढे धरलं.

“आई, हिला जरा घेता? तुमच्याकडे शांत राहते.”