'माझी नाही' म्हण

(केनियातलं, किसुमूच्या पलीकडचं सरोवराकाठचं गाव. दवाखान्यात सकाळी. खाटेवर नुकतीच बाळंत झालेली अपोंडी, दारात तिची सासू अमोलो, खाटेपाशी नर्स केमुंतो.)

अमोलो: ऐकलंस का गं, कशी ओरडली! पार होड्यांपर्यंत गेला असेल आवाज! आणा सिस्टर, द्या तिला माझ्याकडे. उशीर नको.

केमुंतो: आत्ताच कशाला? आईच्या छातीशी लागलीये, राहू द्या तिथंच.

अमोलो: रस्त्यावर ठेवायचीये.

केमुंतो: काय?

अमोलो: रस्त्यावर हो! टाकून द्यायचीये. शेजारची अकुमू केव्हाची केळीचं पान अंथरून बसलीये तिकडे.

अपोंडी: घाबरू नका सिस्टर, खरंखुरं नाही टाकत. पहिलं मूल गेलेलं असलं की दुसऱ्याला असं करतात आमच्यात. शेजारीण उचलते, 'मला सापडलं' म्हणते आणि परत आणून देते.

अमोलो: मरणाला वाटतं, हे तर कुणालाच नको, मग आपण तरी कशाला न्या! नावही ठरलंय, अविती. म्हणजे टाकलेली. तुम्ही किसीच्या डोंगरातल्या, तुम्हाला काय ठाऊक!

केमुंतो: डोंगरातली असले तरी डोळे आहेत मला, आजी. नात वजनाला जरा कमी आहे. बाहेर वारा काय सुटलाय बघा. गार पडली तर मरणाला आपणच बोलावणं धाडल्यासारखं होईल.

अमोलो: कमी? अगं बाई! पुन्हा तसंच का?

केमुंतो: छे, तसं मुळीच नाही! दूध कशी ओढतेय बघा. हावरट कुठली!

अपोंडी: हो आत्याबाई, या ना इकडे, बघा तरी! पहिल्यानं तर नीट तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

अमोलो: त्याला नजर लागली होती कुणाची तरी.

केमुंतो: नजर नाही, मलेरिया. अपोंडीला धड तापही नव्हता, पण तो आत वारेत, नाळ जोडलेली असते तिथं, दडून बसला होता. बाळाला पोचायचं ते वाटेतच अडत होतं. म्हणून बाळ एवढंसं जन्मलं.

अपोंडी: माझी मच्छरदाणी तेव्हा वाळूवर अंथरलेली होती. तिच्यावर मासळी वाळत होती.

अमोलो: सगळा किनाराच मच्छरदाणीवर मासळी वाळवतो, मी काय एकटीनंच... बरं, जाऊ दे. या खेपेला तुझ्या नवऱ्यानं मच्छरदाणीला नुसता हात लावला, तर वल्हं घेऊन धावले की नाही मी?

अपोंडी: धावलात! अख्खं गाव हसत होतं!

केमुंतो: आणि हिनं इथल्या मलेरियाच्या गोळ्या एकदाही चुकवल्या नाहीत. म्हणून तर ही बया अशी आलीये, आपल्या कानठळ्या बसवत.

अमोलो: गोळ्या खऱ्या, मच्छरदाणी खरी, सगळं कबूल. पण मला भीती वाटते हो सिस्टर! एकाला माती दिलीये या हातांनी. तेवढं एक करायचं राहिलं आणि काही झालं तर?

केमुंतो: बरं, मग रस्ताच आत आणू. मी परकी ना? मी उचलते.

अमोलो: तुम्ही? अगं हो की! तुमच्याहून परकं कोण मिळणार! अपोंडी, ठेव तिला खाटेच्या कडेला. दुपटं काढू नकोस हं.

अपोंडी: ठेवली. लवकर करा बाई.

केमुंतो: अरे देवा, इथं कुणी पोर टाकलंय! उचलली बरं का मी. मला सापडलीये. कुणाची आहे?

अमोलो: बोल अपोंडी. 'माझी नाही' म्हण.

केमुंतो: कुणाची आहे ही?

अमोलो: म्हण की गं! मरण दाराशी उभं राहून ऐकतंय. खोटंखोटंच तर म्हणायचंय!

अपोंडी: तो गेला तेव्हा सगळ्या म्हणाल्या, रडू नकोस, एवढासा तर होता, नावसुद्धा नव्हतं ठेवलं. आणि मी गप्प बसले, आत्याबाई. आता नाही बसणार. माझी आहे सिस्टर, आणा इकडे. तोही माझाच होता.

अमोलो: ...द्या हो सिस्टर. तिची आहे.