गाणं प्रेमाचं होतं हो

...आणि वर मलाच विचारतात, "सर, प्रेत दारात उभं राहतं तेव्हाचं गाणं तुमचंच ना?" परवा दातांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, माझ्या तोंडात आरसा घालून. आता आ वासलेल्या माणसाने काय उत्तर द्यायचं? गाणं प्रेमाचं होतं हो, एवढंच म्हणायचं होतं मला, बाहेर पडलं ते "आँऽऽ", तर बाई खूश, "अगदी तस्संच, सर!"

तुम्हाला सांगतो, तीस वर्षं आमचा पंक बँड. पंक म्हणजे काय, तर तीन कॉर्ड, दीड मिनिटाचं गाणं आणि फाटका शर्ट. शाळा जाळा, ऑफिस जाळा, सगळंच जाळा... घसा फुटेस्तोवर ओरडलो, पण एक माणूस घाबरला असेल तर शपथ. शर्ट बायको शिवून ठेवायची, मी पुढच्या कार्यक्रमाआधी पुन्हा फाडायचो, ती पुन्हा शिवायची. महिना महिना दौरे, कधीही उगवायचो, बेल दाबायचो, ती दार उघडायची. एक दिवस बेल दाबली, दाबली, दाबत राहिलो, तर शेजारीण म्हणाली, "त्या गेल्या बहिणीकडे. कायमच्या." आणि हातात शर्ट दिला. शिवलेला.

मग आमचं संगीत बदललं. ड्रमवाल्याची कंबर धरली, जलद वाजवता येईना, म्हणून सगळंच संथ झालं, तर समीक्षक लिहितात, "यांच्या उत्तरार्धातल्या संगीतात मृत्यूची चाहूल आहे." चाहूल कसली डोंबलाची, कंबरेला पट्टा बांधून वाजवत होता बिचारा! त्या संथपणात मी एकच गाणं केलं, तिच्यासाठी. "दार उघड, मी आलोय." खालच्या सुरात, माफी मागत. गाणं प्रेमाचं होतं हो.

अशात एक दिग्दर्शक आला. मऊ आवाजाचा, सभ्य. "सर, तुमच्या आवाजात ना, एक कुजकेपणा आहे. जपा तो." मी विचारलं, सिनेमा कशावर? म्हणाला, "बायकोकडे परत येणाऱ्या नवऱ्याची गोष्ट आहे." मला भरूनच आलं. ही फोन उचलत नाही, पत्र फोडत नाही, पण दर रविवारी बहिणीबरोबर सिनेमा चुकवत नाही. म्हटलं, अंधारात बसून ऐकेल, पदर... पदर कुठला, रुमाल डोळ्यांना लावेल. केली सही. आता तो नवरा दहा वर्षांपूर्वीच मेलाय, हे सांगायला नको का माणसाने?

पडद्यावर माझं गाणं सुरू झालं की कोणीतरी दार उघडतं, आणि उघडलं की संपलं. सिनेमा धो धो चालला. दुसरा भाग आला, तिसरा आला. आता कार्यक्रमात मी नुसतं "दार" म्हटलं की बायका नवऱ्यांना बिलगतात, नवरे पाय खुर्चीवर घेतात. म्हणजे जाळपोळ गायलो तेव्हा जांभया देत होते, आणि माफी मागतोय तर किंचाळतात!

शेवटी म्हटलं, खड्ड्यात गेला सिनेमा, समोर जाऊन म्हणू. काल दुपारी चारला, तोच शिवलेला शर्ट इस्त्री करून घातला, मेव्हणीचा तिसरा मजला गुडघे धरून चढलो आणि बंद दारासमोर सुरू केलं. "दार उघड, मी आलोय..." वरच्या मजल्यावर खाडकन कडी लागली, खाली दोन लागल्या, कोणीतरी "अगं आई गं" म्हणालं. आणि दारामागे पाऊल येऊन थांबलं. तिचंच. बावीस वर्षं ऐकलंय मी ते, आतून.

म्हटलं, "ऐक ना. गाणं प्रेमाचं होतं."

"सिनेमा दोनदा पाहिला मी," ती म्हणाली. चिडली असती तरी चाललं असतं. "जी दार उघडते, ती मरते."

"अगं, ते त्या दिग्दर्शकाने..."

"बावीस वर्षं उघडत होते रे मी. त्याला बरोबर कळलं तुझं गाणं."

पाऊल आत गेलं. मी तिथेच पायरीवर बसलो. आणि तुम्हाला सांगतो, शेवटी एक दार उघडलं. समोरच्या काकांचं, बोटभर.

"चौथ्या भागातही तुम्हीच का?"

म्हटलं, "मीच."

"छान," म्हणाले, आणि कडी लावून घेतली.