म्मा तलाडींचा बुधवार आणि केनेइल्वेची भिंत

सभेचे अध्यक्ष, आपले गावप्रमुख कोसी मोथिबी; राजधानी गाबोरोनेहून धूळ खात आलेले ग्रंथालय खात्याचे सन्माननीय पाहुणे; मी उभा राहताच हसू लागलेल्या बुधवारच्या वर्गातल्या माझ्या सगळ्या म्मा, माझ्या आयाबहिणी; आणि आज निवृत्त होणाऱ्या आपल्या ग्रंथपाल म्मा तलाडी, आपणा सर्वांना ओलेबिले दित्शेकोचा नमस्कार.

मला पाच मिनिटं दिली आहेत. खाणीत तीस वर्षं काढलेल्या माणसाला बोलायची सवय नसते. पण आज मला राहवत नाहीये, तेव्हा सांभाळून घ्या.

म्मा तलाडी बाईंनी साठीपुढच्यांसाठी कलेचा वर्ग काढला तेव्हा टेबलावर कागद आणि ब्रश मांडले होते. दोन बुधवार सगळ्यांनी जांभया दिल्या. तिसऱ्या बुधवारी एकोणऐंशी वर्षांच्या म्मा ओनालेथाता म्हणाल्या, "पोरी, दहा बोटं असताना मला काडी कशाला देतेस?" पुढच्या आठवड्यात वाचनालयात शेणामातीची बादली आली. दुसऱ्या कुणा ग्रंथपालाने काय केलं असतं, सांगा बरं? आमच्या बाईंनी मागची अख्खी भिंत मोकळी करून दिली.

मी तिथे गेलो तो शिकायला नव्हे. माझी बायको केनेइल्वे चार वर्षांपूर्वी गेली. अंगणाच्या भिंतीवर तिने बोटांनी काढलेली शेवटची नक्षी मागे राहिली होती. पावसात नक्षी जाते, बायका पुन्हा सारवतात, पुन्हा काढतात, हे का मला ठाऊक नव्हतं? पण आता पुन्हा काढणार कोण? म्हणून मी भिंतीवर प्लास्टिक ठोकलं. आत ओल धरली, वाळवी चढली आणि निम्मी नक्षी गळून पडली. पावसाने केलं नसतं ते माझ्या शहाणपणाने केलं.

उरलेल्या निम्म्या नक्षीचा फोटो घेऊन मी म्मा ओनालेथातांकडे गेलो. म्हटलं, हुबेहूब काढून द्या.

"माझ्या बोटांत तुझी बायको नाही रे. तुझं अंगण, तूच काढ."

"मी पुरुषमाणूस."

"ते शेणाला कळतं होय?"

बायका पोट धरून हसल्या. मी टोपी उचलून निघालो होतो, खोटं कशाला सांगू. तेवढ्यात म्मा तलाडी कोपरापर्यंत बाह्या सारून माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या. "मलाही येत नाही, रा. आपण दोघं मिळून हसं करून घेऊ." एवढ्या हशातही त्यांनी मला मानाने रा म्हटलं. मी बसलो. अकरा बुधवार बसलो.

गेल्या शनिवारी सगळा वर्ग माझ्या अंगणात आला. आधी जुना थर खरवडायचा होता, आणि त्याला दुसरं कुणी हात लावेना. बाई म्हणाल्या, "हे तुमचं तुम्हीच करायचं, रा." हातात खुरपं होतं आणि हात उचलत नव्हता. शेवटी एक पापुद्रा निघाला. त्याखाली दुसरी नक्षी होती. तिच्याखाली तिसरी. कांद्याचे पापुद्रे निघावेत तसे एकाखाली एक थर, सगळे तिच्याच हातचे. एकतीस वर्षांच्या संसारात माझ्या बायकोने दरवर्षी स्वतःची नक्षी स्वतःच्या हाताने सारवून टाकली होती, आणि त्यापायी एकदाही रडली नव्हती. मी मात्र त्या अंगणात बसून ओक्साबोक्शी रडलो. मग बादली घेतली. नक्षी वाकडी आली आहे, म्मा ओनालेथाता तिला गाढवाची वाट म्हणतात. पण ती मी काढली आहे.

खात्याच्या पाहुण्यांना हात जोडून एवढंच सांगतो, बाई निवृत्त होत आहेत, बुधवारला निवृत्त होऊ देऊ नका. म्मा तलाडी, तुमचे आभार मानायला माझ्याकडे पुरेसे शब्द नाहीत. आणि वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी तोंडून काही उणंअधिक गेलं असेल, तर ते पोटात घाला.

भाषण संपलं की आपण सगळे मिळून पुला म्हणतो, पावसाला हाक मारतो. कोसी, एक कबुली देतो. चार वर्षं प्रत्येक सभेत मी नुसते ओठ हलवले. गुरं तहानेने मरत होती, आणि मी मनात म्हणत होतो, माझ्या अंगणात नको येऊ.

आज पहिली हाक मला मारू द्या.

पुला!