दुसऱ्या बाहीसाठी

फिजिओथेरपीच्या खोलीबाहेर सून बाकावर बसली होती. कपडे शिवणारी सासू भिंतीला टेकून उभी होती.

“आई, बसा ना.”

“बसले की कमरेतून कळ निघते ती थेट टाचेपर्यंत. उभीच बरी.”

“पायाला इतकं तेल चोळलं, तरी उतार नाही.”

“पायाचा दोषच नाही गं. शीर दबलीय कमरेत, बोंब मारतोय पाय. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली आपण.”

“मग आता पडूनच राहा.”

“पडून राहिलं तर आणखी आखडतं, म्हणाले डॉक्टर. व्यायाम करा, चाला, एका जागी फार वेळ बसू नका.”

“म्हणजे शिवण बंद.”

“बंद कशाला? शेजारणीच्या झग्याला बाह्या लावायच्यात अजून.”

“आई, रागावू नका. यांनी मशीन वरच्या मजल्यावर नेऊन ठेवलंय.”

“कशाला?”

“तुम्ही बसू नये म्हणून.”

“एवढंच ना? मग एक बाही लावली की खाली येईन, अंगणात फेरी मारीन आणि दुसरीसाठी पुन्हा वर जाईन. त्याला म्हणावं, जिन्यातला दिवा तेवढा बदलून ठेव.”