झिजलेले कातडे

देऊन टाकलेली वस्तू परत मागायला येणाऱ्या माणसाची कथा अनेक रूपांत आढळते. सिंगापूरच्या तोआ पायोह वस्तीतले रूप मी शिरीषच्या घरी प्रत्यक्ष पाहिले.

जुने ड्रम जमवणाऱ्या या माझ्या मित्राने धर्मादाय दुकानाच्या ऑनलाइन लिलावात एक ड्रम जिंकला आणि शिरस्त्याप्रमाणे आधी त्याचे झिजलेले कातडे बदलले. त्याच दुपारी, दुकानामार्फत निरोप धाडून, तो ड्रम दान करणाऱ्या वृद्ध चिनी बाई आल्या.

“मोबाइलवर बोली लावायला शिकेपर्यंत तू जिंकलास, लाह! ड्रम ठेव. फक्त वरचं कातडं दे. मुलगा गेला, त्याच्या काठ्यांच्या खुणा तेवढ्या त्यावर आहेत.”

“आंटी, ते मी सकाळीच स्वयंपाकघरातल्या कचऱ्याच्या चूटमधून थेट तळमजल्यावर टाकलं.”

बाई स्वयंपाकघरात गेल्या. त्यांनी चूटचे झाकण उघडले, आत वाकून पाहिले आणि ते हलकेच बंद केले.